कोपऱ्यात सही नसलेला कागद

मागच्या दिवाळीत दापोडीला आमच्या घरासमोरच्या किल्ल्यावर, महादरवाज्याच्या डाव्या बुरुजावर, चौकोनी डोक्याचा एक माणूस उभा होता. फिरोजी सदरा, निळी विजार, हात सरळ खाली. शेजारचे मातीचे मावळे त्याच्या कमरेपर्यंतही पोचत नव्हते. मावळे, गवळण आणि सिंहासनावरचे महाराज ही 'चित्रं' नेहमीप्रमाणे कुंभारवेशीवरून आणलेली. हा माणूस मात्र घरी छापून, कापून, चिकटवून केलेला होता. त्याचं नाव स्टीव्ह. 'माइनक्राफ्ट' नावाच्या व्हिडिओ गेममधलं हे मूळ पात्र. माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यानं ते जाड कागदावर छापून आणलं आणि दोन संध्याकाळी खपून उभं केलं. उभं राहिल्यावर लक्षात आलं, की त्याला दोन्ही हात उजवेच आहेत.

ही चूक त्याची नव्हती. ती कुठून आली याचा शोध घेताना मी बराच लांब गेलो आणि फिरून दापोडीतच आलो. या लेखाचा विषय तोच आहे: व्हिडिओ गेममधली पात्रं कागदात उतरवण्याचा छंद, त्याच्यामागची जुनी विद्या, आणि ती विद्या वापरणाऱ्या माणसाचं नाव कुठं जातं हा प्रश्न.

प्रश्न माझा नाही, आमच्या वडिलांचा आहे. नानांनी मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कारखान्यात पत्रा विभागात तीस वर्षं काढली. भाचा ओसरीत कागद पसरून बसला होता. नानांनी एक कागद उचलला, चष्मा वर केला, तुटक रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तर डेव्हलपमेंट आहे." मग विचारलं, "कुणी काढलंय?"

"नेटवरून घेतलंय, नाना."

"ते कळलं रे. पण काढलंय कुणी? कोपऱ्यात सही कुठाय?"

कारखान्यातल्या कुठल्याही ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. आराखडा कुणी काढला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला, तारीख काय, हे तिथं आद्याक्षरांत लिहिलेलं असतं. पत्रा वाया गेला तर कुणाला विचारायचं, हे त्या चौकटीवरून ठरतं. नानांनी ती स्टीव्हच्या कागदावर शोधली. चारही कोपरे कोरे होते.

'डेव्हलपमेंट' हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात इमारतींच्या जाहिरातींमुळे वेगळ्या अर्थानं रुळलाय. पत्राकामात त्याचा अर्थ उलगडा असा आहे. नरसाळं करायचं असेल, तर आधी ते मनात उलगडून सपाट करावं लागतं, सपाट झालेला आकार पत्र्यावर आखावा लागतो, मग कापून, वळवून जोडायचं. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करच्या अभ्यासक्रमात याच्या तीन पद्धती शिकवतात. नळी किंवा चौकोनी डक्टसारख्या वस्तूला समांतर रेषांची पद्धत, शंकूसारख्या निमुळत्या वस्तूला एका बिंदूतून निघणाऱ्या रेषांची पद्धत, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या वस्तूला, म्हणजे समजा वर गोल आणि खाली चौकोनी तोंड असलेल्या जोडाला, त्रिकोणांची पद्धत. तिच्यात वाकड्यातिकड्या पृष्ठभागाचे लहान लहान त्रिकोण पाडतात, प्रत्येकाच्या तिन्ही बाजूंची खरी लांबी काढतात आणि ते एकाला एक लावून सपाट मांडतात. नाना तिला नुसतं 'तिकोन पाडणे' म्हणतात.

व्हिडिओ गेममधलं त्रिमितीय पात्र तयार होतं ते याच रीतीनं, फक्त उलट दिशेनं. संगणकाला गुबगुबीत गाल किंवा वळणदार खांदा काढता येत नाही. त्याला त्रिकोण काढता येतात. त्रिकोण पुरेसे लहान आणि पुरेसे जास्त असले, की डोळा फसतो आणि गाल गोल दिसतो. १९९३ साली सेगा कंपनीचा 'व्हर्चुआ फायटर' आला, तेव्हा यंत्रांना इतके त्रिकोण झेपत नव्हते. त्यातले मल्ल पैलू पाडलेल्या दगडासारखे दिसत. पुढं १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आलं, १९९६ मध्ये 'सुपर मारिओ ६४' आणि 'टूम रेडर', १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७'. या सगळ्यांतली पात्रं मोजक्या त्रिकोणांची होती. ज्यांनी ते गेम खेळले त्यांना तो ओबडधोबडपणा आजही लाडका आहे. कागदाच्या छंदालाही तोच काळ सोयीचा ठरला, कारण मोजके आणि सपाट पैलू असलेली वस्तू कात्रीच्या आवाक्यातली असते. आजच्या गेममधल्या एखाद्या नायिकेच्या नुसत्या केसांना जेवढे त्रिकोण लागतात, तेवढे कापायचे तर नोकरी सोडावी लागेल.

माइनक्राफ्टचं पात्र या बाबतीत फार सोपं आहे. हा गेम २००९ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण रूपात बाहेर पडला. स्टीव्ह म्हणजे सहा खोकी: डोकं, धड, दोन हात, दोन पाय. डोकं आठ बाय आठ बाय आठ ठिपक्यांचं; धड आठ रुंद, बारा उंच, चार जाड; हातपाय चार बाय चार बाय बारा. एका ठिपक्याला चार मिलिमीटर धरले, तर डोकं बत्तीस मिलिमीटरचा घन होतं आणि माणसाची उंची १२.८ सेंटिमीटर. आमच्या बुरुजावरचा स्टीव्ह याच मापाचा होता.

त्याची कातडी, म्हणजे अंगावरचे रंग, एका छोट्या चित्रात साठवलेली असते. हे चित्र उघडून पाहिलं, की दिसते उलगडलेली खोकी! शाळेच्या गणितात जिला 'घडण' म्हणतात तीच. चेहरा, दोन्ही कानशिलं, डोक्याची मागची बाजू एका ओळीत, आणि टाळू व हनुवटीखालचा भाग त्यांच्या वर. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी न मागताच कागदी नमुन्याचा अर्धा आराखडा देऊन ठेवला होता. जोडपट्ट्या काढल्या की झालं. जुन्या आवृत्तीत हे चित्र चौसष्ट बाय बत्तीस ठिपक्यांचं होतं आणि जागा वाचवण्यासाठी त्यात हात एकच दिलेला होता, पायही एकच. डावा हात दाखवायचा तेव्हा संगणक उजव्याचं आरशातलं प्रतिबिंब लावत असे. २०१४ मध्ये चित्र चौसष्ट बाय चौसष्टचं झालं आणि डाव्या हातापायांना स्वतंत्र जागा मिळाली. भाच्याच्या हाती लागलेला आराखडा जुन्या चित्रावरून केलेला. करणाऱ्यानं एकच हात दोनदा छापला होता, आरसा लावायला विसरला. दोन उजव्या हातांचं मूळ हे.

नानांना हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. पत्राकामातली ही सगळ्यात जुनी चूक आहे म्हणाले. डाव्या-उजव्या जोडीच्या भागांचा एकच फर्मा असतो. एकासाठी तो सुलटा ठेवायचा, दुसऱ्यासाठी पालथा. नवा पोरगा विसरतो, आणि दुपारपर्यंत चाळीस उजव्या बाजू तयार होऊन बसतात.

पृष्ठभाग उलगडून कागदावर मांडण्याची लिखित परंपरा साधारण पाचशे वर्षांची आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानं १५२५ साली मोजमाप आणि भूमितीवर एक ग्रंथ छापला. त्यात घनाकृतींच्या घडणी काढून दाखवल्या आहेत. त्यातून निघालेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. कुठलीही बहिर्गोल, सपाट पैलूंची आकृती तिच्या कडांवर कापली, तर ती एकसंध राहून, स्वतःवर न चढता, सपाट पसरता येईलच का? १९७५ साली जेफ्री शेफर्ड या गणितज्ञानं हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. तसं करता न येणारी एकही बहिर्गोल आकृती आजवर सापडलेली नाही, आणि सगळ्यांना ते जमतंच हे सिद्धही झालेलं नाही. साध्या ठोकळ्याच्या घडणी अकरा प्रकारे होतात, हे मात्र पाचवीतल्या मुलालाही पडताळून बघता येतं. खाचाखळगे असलेल्या आकृतींना तर हा नियम लागूच नाही. त्यांतल्या काही कितीही डोकं लावलं तरी एका तुकड्यात सपाट होत नाहीत. माणसाच्या आकृतीला काख असते, हनुवटीखालची खाच असते, बोटांच्या फटी असतात. म्हणून कागदी पात्राचे पाच, दहा, कधी पन्नास तुकडे होतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपात कापून उभारायचे छापील कागद घरोघरी गेले. फ्रान्समधलं एपिनाल आणि जर्मनीतलं एस्लिंगेन ही त्यांच्या छपाईची प्रसिद्ध गावं. दुसऱ्या महायुद्धात, लाकूड आणि धातू मिळेनासे झाले तेव्हा, इंग्लंडात 'मायक्रोमॉडेल्स' नावाच्या पोस्टकार्डांवर इंजिनं आणि किल्ले छापून विकले गेले. पोलंडमध्ये १९५७ पासून 'माली मोडेलाश' हे कागदी प्रतिकृतींचं मासिक निघालं. या सगळ्यांत एक धागा समान आहे: जिथं इतर सामान महाग किंवा दुर्मिळ, तिथं कागद. जपानात हा छंद संगणकाशी जोडला गेला. तामा सॉफ्टवेअर या कंपनीनं 'पेपाकुरा' नावाचा प्रोग्राम काढला. नाव पेपर क्राफ्टचंच जपानी वळणानं आखूड केलेलं रूप. त्रिमितीय आकृती त्याच्यात घातली की तो ती उलगडतो, जोडपट्ट्या लावतो, कुठली कड कुठल्या कडेला जोडायची त्याचे आकडे टाकतो, बाहेर वळणारी आणि आत वळणारी घडी वेगवेगळ्या तुटक रेघांनी दाखवतो. २००४ मध्ये जून मितानी आणि हिरोमासा सुझुकी यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुष्कळ त्रिकोणांच्या आकृतीचे लांबट पट्टे पाडले तर ती कागदात करता येण्याजोगी होते, हे त्यात दाखवलंय. पट्टे गुळगुळीत वळतात, आणि ससा सशासारखा दिसतो.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटायला नको. आश्विनात गल्लीतली मुलं बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्यानं बांधून, पतंगाचा कागद खळीनं चिकटवत आकाशकंदील करतात, तेव्हा ती चौकोन आणि त्रिकोण जोडून एक बहुपैलू आकृतीच उभी करत असतात. फरक एवढाच, की कंदिलात आधी सांगाडा आणि मग कातडी. कागदी पात्रात कातडी हाच सांगाडा. घडीची कड आणि बंद झालेला आकार याच्या जोरावर ते उभं राहतं. ओरिगामीशी मात्र गल्लत करू नये. ओरिगामीत कात्री आणि डिंक निषिद्ध. मराठी वाचकाला अनिल अवचटांमुळे ती ओळखीची झाली. तिथं एक शिस्त आहे, जी मला या छंदात हवीशी वाटते: कुठली घडी कुणाची, हे सांगतात. अकिरा योशिझावा यांनी घडीच्या खुणांची भाषा बसवली आणि त्यांची रचना त्यांच्या नावानं ओळखली जाते. घडी घालणारा कुणी का असेना, रचनाकार वेगळा नोंदवतात.

उलगडणाऱ्यानं नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला आता मला जड जाणार नाही. दोन्ही हात उजवे निघाल्यावर भाच्यानं मला कामाला लावलं, आणि मी एक डावा हात, मग हळूहळू एक अवघड पात्र, स्वतः उलगडून पाहिलं. प्रोग्राम उलगडून देतो हे खरं, पण पहिल्या झटक्यात देतो ती नुसती चिंध्यांची रास. शिवण कुठं लपवायची हे माणसाला ठरवावं लागतं. काखेत, पाठीच्या मधोमध, केसांच्या रेषेत. चेहऱ्यावर कधीच नाही. कुठला भाग आधी बंद करायचा हेही ठरवावं लागतं, कारण प्रत्येक पोकळ वस्तूला एक शेवटची बाजू असते आणि ती चिकटवताना आत बोट घालता येत नाही. ती बाजू सपाट, मोठी आणि न दिसणारी हवी. जोडपट्टी कुठल्या बाजूला द्यायची, याचाही विचार लागतो: जी बाजू आधी कोरडी होणार, तिच्यावर. कागद १८० ग्रॅमचा घेतला तर घडीवर रंग तडकतो. पातळ घेतला तर पाय स्वतःच्या वजनानं वाकतात. घडीची रेघ आधी रिकाम्या रिफिलनं दाबून घ्यावी लागते. फेविकॉल बोटानं नव्हे, काडीनं लावायचा. हे सगळं ज्यानं आधीच विचारात घेऊन आराखड्यात बसवलं, तो जोडणाऱ्याच्या हाताला आयुष्यात न भेटताही वळण लावत असतो. चांगला आराखडा जोडताना हे जाणवतं. वाईट आराखडा जोडताना तर फारच जाणवतं.

आणि तरी नाव नसतं. पात्र निन्टेन्डोचं, सोनीचं, मोयांगचं. जोडलेली वस्तू भाच्याची. मधला माणूस टोपणनावानं किंवा तेही नाही. त्याचा आराखडा हातोहात फिरतो, कुणी कोपऱ्यातलं टोपणनाव कापून टाकतं, जिथं फाइल ठेवलेली असते ती साठवणजागा बंद पडते आणि पुढची प्रत कुणा तिसऱ्याकडून येते. आपला कायदा याबद्दल काय म्हणतो ते मी पाहिलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या चौदाव्या कलमात कलाकृतीच्या मालकाच्या हक्कांत एक नेमकी गोष्ट लिहिली आहे: सपाट कलाकृतीला त्रिमितीय रूप देणं आणि त्रिमितीय कलाकृतीला सपाट रूप देणं, दोन्ही त्याच्याच हक्कात येतं. म्हणजे मारिओ उलगडणं हे कायद्याच्या दृष्टीनं मारिओच्या मालकाचं काम. दुसऱ्याच्या पात्रावर हात चालवणारा हा माणूस सही करायला का कचरतो, ते यातून थोडं कळतं. २०१२ च्या दुरुस्तीनं बावन्नाव्या कलमात एक सवलत घातली गेली. तांत्रिक रेखाचित्रावरून एखाद्या उपयोगी वस्तूचा निव्वळ कामाचा भाग बनवणं हा हक्कभंग ठरत नाही. पत्रा कापणारा सुटतो. पण सुटणं वेगळं आणि नाव लागणं वेगळं.

दापोडीपुरतं पाहिलं तर कोरा कोपरा आमच्याकडे पावणेदोनशे वर्षं जुना आहे. १८१७ च्या खडकीच्या लढाईत इथली कॅप्टन फोर्डची पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. याच फोर्डचा दापोडीतला बंगला १८२८ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात मुंबई सरकारची वनस्पतीबाग सुरू झाली. १८३८ पासून तिचे अधीक्षक होते स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली, पावणेदोनशेच्या आसपास. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर 'द दापुरी ड्रॉइंग्ज' हे देखणं पुस्तक केलं. त्या पुस्तकामुळे गिब्सन कळतात, बाग कळते, झाडांची शास्त्रीय नावं कळतात. चित्रकार मात्र निनावीच राहतो. तो पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढंच. जिवंत फांदी कागदावर सपाट करताना कुठलं पान मागं न्यायचं, कुठली पाकळी वळवून आतली बाजू दाखवायची, हे त्यानं ठरवलं होतं. दापोडीत कागदावर काम केलेल्या माणसांतला मला माहीत असलेला हा सगळ्यात जुना, आणि त्याचं नाव नाही.

बंगला १८६० च्या दशकात विकला गेला आणि गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत गेला. ती वास्तू आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. दापोडीत पुढं यंत्रं आली. नदीवरच्या हॅरिस पुलापलीकडे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, रेल्वे, स्वातंत्र्यानंतर रस्त्याच्या कडेचे कारखाने, आणि एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. तिथं चॅसिसवर बसचा सांगाडा चढतो आणि सांगाड्यावर पत्रा बसतो. माझ्या लहानपणी आम्ही बुटांच्या खोक्याची एसटी करायचो. खिडक्या कापायच्या, बाटलीची बुचं चाकाला. आता तेच काम एसटीप्रेमी तरुण फार नेमकेपणानं करतात. खिडक्यांची संख्या, पाट्यांची अक्षरं, मागची शिडी सगळं मापात.

त्याच विद्यापीठाच्या आवारात, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं काम केलं. कचऱ्यातून खेळणी करणारे म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत; आयआयटी कानपूरमधून बाहेर पडल्यावर त्यांची पहिली नोकरी टेल्कोत, म्हणजे आमच्याच पट्ट्यात होती, हे थोड्यांना ठाऊक असतं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकार करण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. तिच्यात पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट हाताला कळते: काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. गेमवाल्यांनी त्रिकोण का निवडला याच्या कारणांतलं एक तिथंच मिळतं. तीन बिंदू नेहमी एकाच सपाटीत असतात. चौथा आला की वाकडेपणा शिरतो. भाच्याला मी हे काड्यांनी करून दाखवलं. नानांनी बघितलं आणि म्हणाले, "म्हणून तर तिकोन पाडायचे."

नानांच्या फर्म्यांबद्दल सांगायला हवं. अवघड जोडाचं ड्रॉइंग वरून यायचं, त्यावर ड्रॉइंग ऑफिसच्या सह्या असायच्या. पण त्या कागदावर वस्तू तयार झाल्यावर कशी दिसेल तेवढंच असे. ती उलगडायची कशी, हे खाली पत्रा विभागात ठरायचं. नाना जाड पुठ्ठ्यावर आधी तो जोड उभा करून बघत. पुठ्ठा जुळला की मग पातळ पत्र्याचा फर्मा कापत, पत्र्याच्या जाडीमुळे वाकवताना जे माप खर्ची पडतं ते त्यात धरून. असे शंभर-सव्वाशे फर्मे विभागाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. प्रत्येकावर भागाचा क्रमांक पंचनं ठोकलेला. नाव ठोकायची पद्धत नव्हती. पुढं संगणकावर उलगडा करून थेट लेझरनं कापायची यंत्रं आली, भिंत रंगवायला काढली आणि फर्मे भंगारात गेले. नाना तेव्हा नोकरीत होते. ही तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांनीही कधी तशी सांगितली नाही. फक्त त्या दिवशी ओसरीत मला उमगलं, की ज्या चौकटीत त्यांचं नाव कधीच नव्हतं, तीच चौकट ते स्टीव्हच्या कागदावर शोधत होते.

मी त्यांना तसं म्हटलं. "आमचं काय," ते म्हणाले, "आम्हाला पगार होता. ह्याला कोण देतं?"

याचं उत्तर बहुतेक वेळा 'कुणी नाही' असंच आहे. हे आराखडे काढणारे महिनामहिना खपून एखादं पात्र उलगडतात आणि फुकट देऊन टाकतात. निन्टेन्डोनं २०१८ मध्ये 'लॅबो' नावानं पुठ्ठ्याची घडीची खेळणी काढली, ती विकत. फुकट वाटणाऱ्यांना त्यानं फरक पडला नाही. मला यात भाबडेपणा दिसत नाही. वस्तू उलगडून दुसऱ्याच्या हाती देण्यातलं सुख नाना बोलून दाखवत नसत, पण पुठ्ठ्याचा जोड पहिल्यांदा नीट बसला की तो घरी आणून आईला दाखवत. आई त्यात वाटाणे निवडून ठेवायची.

बुरुजावर स्टीव्ह उभा करायचा, तर पायाखाली ओली माती. किल्ल्यावर हळीव पेरलेला, रोज पाणी शिंपडायचं. कागद रात्रीत फुगला असता. भाच्यानं दुधाची पिशवी कापून पायाला गुंडाळली, ती सैल राहिली. मग नानांनी तेलाच्या डब्याचा पत्रा घेतला, चार पट्ट्या ठेवून कापला आणि पक्कडीनं वळवून सोळा बाय सोळा मिलिमीटरचे दोन बूट केले. कागदी पाय त्यांत घट्ट बसले. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला तेव्हा मावळे खोक्यात गेले. स्टीव्हचा नवा डावा हात दवानं फुगला होता, रंग उतरला होता. तो रद्दीत गेला. बूट ठेवले आहेत.

या वर्षी भाच्याला 'राजी' करायची आहे. 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढला. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी ही त्याची नायिका. मधली कथा छायाबाहुल्यांच्या ढंगानं सांगितली आहे. पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ती बघताना आपल्या घरातलं काही बघितल्यासारखं वाटेल. राजीचा तयार आराखडा आम्हाला मिळाला नाही. पडद्यावरची चित्रं समोरून, बाजूनं आणि मागून अशी छापून नानांना दिली. त्यांनी कंपास आणि स्टीलची पट्टी काढली, चेहऱ्याचे तिकोन पाडले आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर पहिला फर्मा कापला. नाक बसलंय. हनुवटी दोनदा करून झाली, डावी बाजू अजून दोन मिलिमीटर जास्त येतेय.